सेन्सर, प्रकाश आणि एक्स्पोजर: रंकाळ्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर आम्ही पाच-सहा जण कॅमेरे घेऊन जमतो. कोणी लग्नाच्या ऑर्डरी घेतो, कोणी पक्ष्यांमागे फिरतो, एक जण गुजरीतल्या दागिन्यांचे फोटो काढतो. नवीन माणूस आला की त्याचे प्रश्न ठरलेले असतात. चहाच्या कपावर तीच उत्तरं देऊन देऊन शेवटी ती लिहूनच काढली. बहुतेकांना 'सेटिंग' हवं असतं. पण सेन्सर प्रकाशाचं काय करतो हे एकदा डोक्यात बसलं की सेटिंग विचारायची वेळ फारशी येत नाही, म्हणून सुरुवात तिथून केली आहे.

सेन्सर म्हणजे नक्की काय असतं?

सिलिकॉनची पातळ चकती आणि तिच्यावर आखलेले कोट्यवधी कप्पे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर कप्पे २ कोटी ४० लाख. प्रकाश फोटॉन नावाच्या सुट्ट्या कणांनी येतो. फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरला की तिथला एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्या कप्प्यात अडकून बसतो. शटर उघडं आहे तोवर हा साठा वाढत जातो. शटर मिटलं की प्रत्येक कप्प्यात किती इलेक्ट्रॉन जमले ते व्होल्टेजवरून मोजायचं आणि त्याचा आकडा करून ठेवायचा, एवढंच सेन्सरचं काम. तलाठ्यासारखं. किती आलं ते त्याच्या वहीत असतं, चांगलं आलं की वाईट ते नसतं.

इतिहास थोडक्यात: १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सेन्सरच्या जुन्या प्रकाराची कल्पना मांडली. तिच्यासाठी २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्यात एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. आज आपल्या हातात आहेत ते सीमॉस प्रकारचे सेन्सर, ज्यांना १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी आकार दिला. आपल्या गावाला प्रकाश पकडायचं वेड त्याच्याही आधीचं. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो त्याच काळाची आठवण. रोज त्याला वळसा घालून जातो आपण, वर बघतो किती जण?

कप्प्याला रंग कसा कळतो?

कळतच नाही. कप्पा फक्त मोजतो, आणि मोजलेल्या आकड्याला रंग नसतो. म्हणून प्रत्येक कप्प्यावर रंगीत गाळणी बसवतात: लाल, हिरवी किंवा निळी. दर चार कप्प्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायरची, पेटंट १९७६ चं. हिरव्याला दुप्पट जागा का, तर आपला डोळा उजेड आणि बारकावे सगळ्यात जास्त हिरव्यावरून ओळखतो.

म्हणजे लाल गाळणीखालच्या कप्प्याला तिथं हिरवा आणि निळा किती होता याचा पत्ता नसतो. ते शेजारच्या कप्प्यांकडे बघून कॅमेरा अंदाजानं भरतो. फोटोतले दोन-तृतीयांश रंगाचे आकडे असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आलेले असतात. एरवी हा अंदाज झकास जमतो. बारीक चौकड्याच्या शर्टावर किंवा गच्च विणीच्या साडीवर कधी कधी इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसतात ना, तिथं तो फसलेला असतो.

सिलिकॉनला आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो, म्हणून सेन्सरसमोर तो अडवणारी काच बसवलेली असते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबून बघा. काही फोनमध्ये रिमोटचा दिवा जांभळट चमकताना दिसतो, कारण ती काच सगळंच अडवत नाही.

आकाश पांढरंफटक होतं. एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही का?

हे समजायला राधानगरी पुरे. धरण पूर्ण भरलं की सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून आपोआप उघडतात आणि वरचं पाणी निघून जातं. त्यानंतर वरच्या अंगाला दाजीपुरात दोन इंच पडला काय नि दहा इंच पडला काय, साठ्याचा आकडा तोच. नुसत्या त्या आकड्यावरून किती पाऊस पडला हे कोणी सांगू शकत नाही.

सेन्सरच्या कप्प्याचं तसंच. मोठ्या कॅमेऱ्याच्या कप्प्यात काही दहा हजार इलेक्ट्रॉन मावतात, मोबाइलच्या चिमुकल्या कप्प्यात काही हजारच. कप्पा भरला की पुढचा प्रकाश वाया. ढगाचा उजळ भाग आणि त्याहून उजळ भाग दोघांचा आकडा सारखाच लागतो, आणि सारख्या आकड्यातून ढगाचा आकार काढायचा कुठून? एडिटिंगमध्ये तो भाग खाली ओढला तर पांढऱ्याचा राखाडी होतो, ढग काही येत नाही.

फिल्म इथं मवाळ होती. निगेटिव्हवर उजेड वाढत गेला तरी ती हळूहळू भरत जायची, एकदम कडा तुटायची नाही. म्हणून जुने फोटोग्राफर सावलीसाठी एक्स्पोजर द्यायचे. डिजिटलमध्ये उलटं: उजेड सांभाळा, सावली नंतर वर काढता येते.

मी हे एका लग्नात शिकलो. भर दुपारचा मांडव, आत अंधार, कडेला कडक ऊन. कॅमेऱ्यानं आतल्या अंधारावरून हिशोब केला आणि उन्हात बसलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचे पांढरे सदरे जळून गेले. अल्बम बघताना नवरीच्या मावशीनं विचारलं, 'मामांच्या सदऱ्याची बटणं कुठं गेली?' बटणं पांढरी होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक्स्पोजर म्हणजे काय, एका दमात सांगा.

सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती प्रकाश पडला, ते. तो तीनच गोष्टींवर ठरतो: समोर उजेड किती, लेन्सचं भोक किती मोठं, शटर किती वेळ उघडं. आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ दाखवायचा ते ठरवणारं सेटिंग, या यादीत नाही, त्याचं पुढं बघू.

हिशोब स्टॉपमध्ये होतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा. शटर १/२५० सेकंदावरून १/१२५ वर आणलं की दुप्पट प्रकाश. ॲपर्चरचे, म्हणजे लेन्सच्या भोकाचे, आकडे (पुढे 'एफ' लावून सांगतात ते) मात्र विचित्र वाटतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, आकडा दीडपटीच्याही थोडा आतच वाढतो. कारण आकडा भोकाच्या व्यासाशी बांधलेला आणि प्रकाश क्षेत्रफळाशी. म्हणून १/२५० ला एफ ४, १/१२५ ला एफ ५.६ आणि १/६० ला एफ ८ या तिन्हींत सेन्सरला मिळणारा प्रकाश जवळपास सारखाच.

आपला डोळा या बाबतीत फार लबाड आहे. भर उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो, घरात ट्यूबलाइटखाली १००-२०० लक्स, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. डोळा सगळीकडे 'दिसतंय की' म्हणतो. बाहेरून घरात आलात की दहा स्टॉपच्या आसपास उजेड गेलेला असतो. सेन्सर तो फरक जसाच्या तसा दाखवतो, म्हणून घरातला फोटो काळा येतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बंद पडला तर स्वच्छ उन्हात एफ १६ आणि आयएसओ १०० ला शटर १/१००, हा जुना ठोकताळा पन्हाळ्यावर दुपारी आजही चालतो.

आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश घेतो ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे, त्यामुळे जरा सावकाश.

सेन्सरची फोटॉन पकडायची ताकद कारखान्यातून आली तेवढीच राहते. आयएसओ १०० असो की ६४००, १/२५० आणि एफ ४ ला तेवढेच फोटॉन येणार. आयएसओ वाढवलं की पकडलेल्या इलेक्ट्रॉनचा संकेत मोजण्याआधी जास्त पटीनं वाढवला जातो. काही कॅमेऱ्यांत काही पायऱ्यांवर तर फक्त आकड्यांचा गुणाकार होतो. शाहीर लांब उभा राहून हळू म्हणतोय आणि मिक्सरवरच्या माणसानं आवाज वर केला, तसं. शाहिराच्या घशातून निघालेला आवाज तेवढाच. माईकपर्यंत आलेला खोकला, पाळण्यातलं पोर, पंखा, सगळं त्याच्याबरोबर वर येतं.

एक वाईट परिणाम मात्र आयएसओचा स्वतःचा आहे. समजा आयएसओ १०० ला कप्पा काठोकाठ भरल्यावर मोजपट्टी संपते. २०० ला संकेत दुप्पट केला, तर कप्पा अर्धाच भरल्यावर मोजपट्टी संपली. ४०० ला पाव भरल्यावर. कप्प्यात जागा शिल्लक आहे, पण मोजणारा वरच्या आकड्याला टेकलाय. म्हणून आयएसओ वाढवाल तसे पांढरे भाग लवकर जळतात.

आता उलटी गंमत. फोटोत दिसणारे खरखरीत ठिपके, म्हणजे दाणे, आयएसओमुळे येत नाहीत, कमी प्रकाशामुळे येतात. पटत नसेल तर आज रात्री करून बघा. घरात मॅन्युअल मोडवर, शटर आणि ॲपर्चर तेच ठेवून, रॉमध्ये (सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल) एक फोटो आयएसओ ३२०० ला काढा आणि एक १०० ला. दुसरा काळाकुट्ट येईल. तो संगणकावर पाच स्टॉप उजळा. दाणे ३२०० एवढेच दिसतील, नाहीतर जास्त. कमी आयएसओनं काही वाचवलं नाही, कारण दोन्ही वेळा प्रकाश सारखाच आला होता. काही नव्या कॅमेऱ्यांत दोन्ही फोटो इतके सारखे निघतात की आयएसओ हे बटण कशाला ठेवलंय असं वाटावं. जुन्या कॅमेऱ्यांत अंधारातून उजळलेला फोटो जास्त खराब निघतो, तिथं आयएसओ कॅमेऱ्यातच वाढवणं चांगलं.

मग दाणे येतात कुठून?

पावसातून. म्हणजे तसंच. गच्चीवर पाऊस भुरभुरतोय. शंभर वाट्या रांगेत मांडा, दहा सेकंदांनी थेंब मोजा. सगळ्यांवर एकच पाऊस, तरी एका वाटीत चार थेंब, शेजारचीत सात, तिसरीत पाच. कोणाची चूक नाही, थेंब असेच पडतात. तासभर ठेवल्या तर मात्र सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरतात.

फोटॉनही थेंबासारखेच बेशिस्त येतात. नियम असा की सरासरी जेवढे फोटॉन, त्याच्या वर्गमुळाएवढी वरखाली होते. सरासरी १०० आले तर १० चा फरक, म्हणजे १० टक्के. १०,००० आले तर १०० चा फरक, म्हणजे फक्त १ टक्का. एकरंगी भिंतीवर १० टक्के वरखाली म्हणजे डोळ्याला दाणेच दिसतात. म्हणून एकाच फोटोत चेहरा साफ आणि केसांच्या सावलीत दाणे असं होतं. सावलीत थेंब कमी पडलेले असतात.

मोजणाऱ्या यंत्रणेची स्वतःची खरखर वेगळी असते, पण आजच्या चांगल्या सेन्सरमध्ये ती बहुतेक वेळा दोन-तीन इलेक्ट्रॉनच्या पलीकडे जात नाही. फार अंधारातच तिचा त्रास. बाकी वेळी भांडण पावसाशी आहे, आणि पावसाशी भांडायचा एकच उपाय: जास्त पाऊस गोळा करा. मोठं भोक, जास्त वेळ, किंवा आणखी एक दिवा.

ते सगळं ठीक, पण आयएसओ किती ठेवू?

शेवटी ठरवा. आधी शटर, मग ॲपर्चर, उरलं ते आयएसओ. उभ्या माणसाला १/१२५, हळदीत नाचणाऱ्या पोरांना १/२५०, कुस्तीला १/५०० किंवा त्याहून जलद. खासबाग मैदानात दुपारी उजेड भरपूर. तालमीत संध्याकाळी, लाल मातीवर एका बल्बच्या उजेडात, आयएसओ ६४०० लागला तर लावा. लाजू नका. दाणेदार पैलवान चालतो, हललेला चालत नाही.

पांढऱ्या रश्श्याचा फोटो मळकट येतो आणि तांबड्याचा फिका. मोबाइल खराब आहे का?

हॉटेलवाले मित्र हा प्रश्न हमखास विचारतात. मोबाइल बरोबर आहे, तो फक्त सगळ्या जगाला सरासरी समजतो. मीटरला वाटीत काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं मिसळलं तर मधला राखाडी निघेल असं गृहीत धरून तो एक्स्पोजर ठरवतो. फ्रेमभर पांढरा रस्सा, पांढरी वाटी, पांढरा टेबल असेल तर तो म्हणतो, फार उजेड आहे, कमी करा. झाला राखाडी रस्सा. काळ्या ताटात तांबडा घेतला तर उलट: अंधार समजून तो उजेड वाढवतो आणि कटाचा गडद लाल धुऊन टाकतो.

पांढऱ्याला एक्स्पोजर कंपेन्सेशन (मीटरच्या हिशोबात आपण केलेली वाढ-घट) १ ते दीड स्टॉप वर, गडद ताटाला पाऊण ते १ स्टॉप खाली. दोन्ही वाट्या एका ताटात असतील तर मॅन्युअलला जा, पांढरा जळणार नाही इतपत शटर लावा आणि मीटर काय म्हणतो तिकडे बघूच नका. खिडकीशेजारचं टेबल पकडा. वरच्या पिवळ्या दिव्यात तेलाची तर्री ओळखू येत नाही. आणि निवायच्या आत काढा, नाहीतर पांढऱ्यावर साय धरते आणि लोक मला फोन करतात.

जोतिबाच्या यात्रेत गुलाल एकसपाट गुलाबी पट्ट्यासारखा दिसतो. हिस्टोग्राम तर ठीक होता!

हिस्टोग्राम म्हणजे फोटोत कुठला उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख. तुम्ही कोणता बघितला? कॅमेरा सहसा एकच पांढरा आलेख दाखवतो, तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज असतो आणि त्यात हिरव्याचं वजन जास्त. गुलालात हिरवा जवळजवळ नाहीच. लाल रंग वरच्या टोकाला आदळून सपाट होतो आणि गोळाबेरजेला पत्ताही लागत नाही. मेनूत लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम असतो, चैत्र पौर्णिमेला डोंगरावर जाण्याआधी तो चालू करा आणि लालवर डोळा ठेवून अर्धा-पाऊण स्टॉप कमी द्या.

आणखी एक. उन्हात सेन्सरला लाल मुळात कमीच मिळतो, व्हाइट बॅलन्स करताना, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवताना, कॅमेरा त्याला साधारण दुपटीच्या घरात गुणतो. या गुणाकारात जेपेगमधला, म्हणजे कॅमेऱ्यानं तयार करून दिलेल्या फोटोतला, लाल फुटतो, पण रॉमध्ये तो बऱ्याचदा शाबूत असतो. तेव्हा यात्रेला रॉ. आणि लेन्स बदलायची तर गुलालाच्या गर्दीबाहेर येऊन. गुलाल सेन्सरवर बसला की निघता निघत नाही.

हिस्टोग्राम वाचायचा कसा?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचता तसा. पावसाळ्यात आपण सकाळी उठून आधी फूट बघतो: ३९ इशारा, ४३ धोका. हिस्टोग्रामची उजवी भिंत ही धोका पातळी. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड, उंची म्हणजे त्या उजेडाचे किती कप्पे आहेत. डोंगराचा आकार 'बरोबर' असा काही नसतो. आलेख मधे फुगलेला असावा असं कुठं तरी वाचून लोक काळ्या म्हशीचा फोटोही उजळून टाकतात. बघायचं ते एवढंच, की उजव्या भिंतीला ढीग चिकटलाय का, आणि तिथं जे आहे ते मला हवं आहे का. समईच्या ज्योतीचा गाभा जळला तर जळू दे. नवरीचं कपाळ जळता कामा नये.

रॉ काढत असलात तरी पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनवलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये प्रत्यक्षात थोडी जागा जास्त असते. किती, ते प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं. आपल्या कॅमेऱ्यावर एकदा करून बघून लक्षात ठेवायचं.

रॉ की जेपेग?

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पण त्या पायऱ्या सगळीकडे सारख्या वाटलेल्या नसतात. सेन्सर सरळ मोजतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. त्यामुळे सगळ्यात उजळ एका स्टॉपला ८,१९२ पायऱ्या, खालच्याला ४,०९६, त्याच्या खालच्याला २,०४८, आणि तळाशी सावलीला चिल्लर उरते. म्हणून काही जण न जळता जमेल तेवढा उजवीकडे एक्स्पोज करतात आणि नंतर खाली आणतात. ते चालतं. पण त्याचं खरं कारण पायऱ्यांपेक्षा पावसाचं आहे: जास्त फोटॉन, कमी दाणे. आणि हे आयएसओ वाढवून केलं तर काही पदरात पडत नाही, शटर किंवा ॲपर्चरनंच करावं लागतं.

बारशाचे फोटो रात्रीच घरच्या ग्रुपवर टाकायचे असतील तर जेपेग. पैसे घेतलेत तर रॉ.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या काढायच्यात. एक तर ज्योती जळतात, नाहीतर माणसं काळी.

हे कठीणच आहे, तुमचं काही चुकत नाही. ज्योत आणि सावलीतली पायरी यांच्यात एवढं अंतर असतं की चांगल्या सेन्सरच्या मोजपट्टीतही दोन्ही टोकं मावत नाहीत. काहीतरी सोडावं लागतं. मी ज्योतीचा गाभा सोडतो आणि तिच्याभोवतीचा केशरी वलयाचा भाग सांभाळतो, तो गेला तर पणती नुसती पांढरी टिकली दिसते.

ट्रायपॉड लावता आला तर आयएसओ १०० किंवा २००, एफ ८, आणि शटर एक-दोन सेकंदांपासून सुरू करून बघा. माणसं हलतील, हलू द्या. घाटाचे दगड आणि पाण्यातलं प्रतिबिंब साफ येईल. माणूस हवा असेल तर त्याला पणतीजवळ नेणं सोपं. पणती वीत-दीड वीत अंतरावर आली की चेहऱ्यावरचा उजेड कितीतरी पट वाढतो. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, हा नियम इथं फुकटात वापरता येतो.

पणतीच्या उजेडात लाल भरपूर आणि निळा जवळपास नसतो. निळ्या कप्प्यांवर थेंबच पडलेले नसतात. अशा फोटोचा व्हाइट बॅलन्स पांढराशुभ्र करायला गेलात तर उपाशी निळ्याला कितीतरी पटीनं गुणावं लागतं आणि निळसर दाण्यांची रांगोळी होते. पिवळेपणा राहू द्या. पणती पिवळीच असते.

सगळ्यात सुंदर वेळ पूर्ण अंधाराची नाही, पूर्वेला उजाडायला लागतं ती पंधरा-वीस मिनिटं. आकाशाचा उजेड वाढत वाढत पणत्यांच्या जवळ येतो आणि दोन्ही एका मोजपट्टीत मावतात. बहुतेक जण तोवर मिसळ खायला गेलेले असतात.

फुल-फ्रेम घेऊ का?

आधी लेन्स घ्या. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ २.३५ पट, म्हणजे तेवढ्याच एक्स्पोजरला एकूण प्रकाश सव्वा स्टॉप जास्त. पाऊस तेवढाच, पण शेत मोठं असेल तर पाणी जास्त गोळा होतं, तसं. फायदा खरा आहे. पण कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास एफ ५.६ पर्यंतच उघडते, आणि एफ १.८ ची साधी ५० मिलिमीटर लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश देते. किमतीतला फरक दुकानात विचारून या, मग बोलू.

मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो उजळ?

संबंध नाही. तेवढ्याच शेतात जास्त वाफे पाडले, पाऊस तेवढाच.

मग मोबाइल रात्री एवढा चांगला फोटो कसा काढतो?

एक फोटो काढतच नाही. पटापट अनेक फोटो घेतो, एकमेकांवर जुळवतो आणि सरासरी काढतो. चार फोटोंच्या सरासरीत दाणे निम्मे होतात, सोळांच्या सरासरीत पाव. तीच वाट्या जास्त वेळ ठेवायची युक्ती. शिवाय ४८ मेगापिक्सेलचे बरेच फोन चार-चार कप्पे एकत्र मोजून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात. भवानी मंडपाची कमान रात्री झकास येते ती यामुळे. त्याच कमानीखालून पळणारं पोर मात्र पुसट येतं, कारण सोळा फोटोंत ते सोळा ठिकाणी होतं.

हॉलमध्ये फोटोवर आडवे पट्टे येतात. सेन्सर गेला का?

नाही, दिवे लुकलुकताहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. बहुतेक सीमॉस सेन्सर सगळ्या ओळी एका क्षणी वाचत नाही, वरून खाली ओळीनं वाचतो. काही ओळी दिवा तेजीत असताना, काही मंदीत. इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिनआवाजी शटर बंद करा आणि शटर स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक पट्टे जातात. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी भिंतीचं गणित वेगळं असतं, तिथं शटर थोडं थोडं सरकवून बघण्याला पर्याय नाही.

मिरवणुकीतल्या लेसरनं सेन्सर खराब होतो म्हणतात. खरं?

खरं. लेसरचा झोत लेन्समधून थेट आत आला तर लेन्स तो एका ठिपक्यावर एकवटते, आणि सेन्सरवर कायमची रेघ किंवा मेलेले ठिपके पडतात. दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं. झोत अंगावर फिरत असेल तर कॅमेरा खाली, लेन्सला टोपण. डोळ्यांनाही तेच लागू, डोळा तर बदलूनही मिळत नाही.

लांब एक्स्पोजरमध्ये लाल-निळे ठिपके आणि आकाशात करडे डाग येतात.

दोन वेगळ्या गोष्टी. टोकदार रंगीत ठिपके म्हणजे गरम झालेले कप्पे, उजेड नसतानाही ज्यांत इलेक्ट्रॉन गळतात. मेनूत लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन चालू करा: कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून एक काळा फोटो घेतो आणि पहिल्यातून वजा करतो. करडे डाग म्हणजे धूळ, आणि ती सेन्सरवर नसून त्याच्यासमोरच्या काचेवर बसते. एफ १६ ला ठळक दिसते, एफ २.८ ला गायब. हवेच्या रबरी फुग्यानं उडवा. तोंडानं फुंकर मारू नका, तुमच्या तोंडात तंबाखू असेल तर अजिबात नको.

किरणोत्सवासारखा प्रकाश टिपायचा सराव कुठं करू?

अंबाबाईच्या गाभाऱ्यात फोटो काढायला परवानगी नाही, ते सोडून द्या. पण तो प्रकाश समजून घेण्यासारखा आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, तोच किरणोत्सव. क्षितिजाजवळचा सूर्य हवेचा फार जाड थर ओलांडून येतो, वाटेत निळा विखुरला जातो आणि धूळ, धुकं, ढग उरलेला कमी करतात. दोन दिवसांच्या उजेडात कितीतरी फरक पडतो तो यामुळे.

सराव रंकाळ्यावर करा. सूर्यास्ताआधी अर्धा तास या, मॅन्युअल मोड लावा, आयएसओ, ॲपर्चर, शटर एकदा ठरवून त्याला हात लावू नका. पाण्याकडे तोंड करून दर दोन मिनिटांनी एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम डावीकडे कसा घसरतो ते बघा. किती मिनिटांत किती स्टॉप गेले ते वहीत लिहा, रविवारी ताडून बघू. मागच्या खेपेला आमच्या तिघांचे आकडे काही केल्या जुळेनात. तासभर वाद घातल्यावर कळलं, एकाचा कॅमेरा ऑटो आयएसओवर राहिला होता.